घड्याळाशी एकटीची झुंज

माझ्याकडे सायकलिंग शिकायला येणाऱ्या मुलींना मी क्रिस्टिन आर्मस्ट्राँगबद्दल आवर्जून सांगते. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगशी या अमेरिकन सायकलपटू बाईचं फक्त आडनाव जुळतं, हेही लगेच सांगावं लागतं.

तिचा प्रकार टाइम ट्रायल. यात सगळे एकदम सुटत नाहीत. ठरावीक अंतराने एकेकीला सोडतात आणि वेळ मोजतात. दुसरीच्या मागे राहून वारा चुकवायची मुभा नसते. सपाट रस्त्यावर ताशी 40 किलोमीटरच्या पुढे गेलं की बहुतेक ताकद हवा कापण्यातच खर्च होते. म्हणून मागचं चाक भरीव आणि कोपरं पुढच्या दांड्यांवर टेकवून पाठ आडवी. ही सामग्री विकत मिळते. दम शेवटच्या किलोमीटरपर्यंत पुरवायची अक्कल मात्र वर्षानुवर्षं सायकल मारूनच येते.

क्रिस्टिन आधी ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं अशी एकत्र शर्यत, करायची. 2001मध्ये खुब्यांच्या सांध्यांची झीज झाल्याचं निदान झालं, पळणं सुटलं आणि ती सायकलिंगकडे वळली. बीजिंग ऑलिंपिकच्या कितीतरी महिने आधी तिने शर्यतीच्या रस्त्यावर सायकल चालवून जीपीएसवर त्याची नोंद घेतली. मग आयडाहोतल्या बॉइझी या आपल्या शहराजवळ तसाच चढ शोधून तिथे सराव केला. मला तिच्या पदकांहून ही तयारी मोठी वाटते. 2008मध्ये सुवर्ण मिळालं.

2009मध्ये दुसऱ्यांदा जगज्जेती होऊन ती निवृत्त झाली, 2010मध्ये मुलगा झाला. परत आली. मे 2012मध्ये पडून तिचं गळपट्टीचं हाड मोडलं. 1 ऑगस्टला लंडन ऑलिंपिकमध्ये पुन्हा सुवर्ण! नंतर पुन्हा निवृत्ती, आणि रुग्णालयातली नोकरी सांभाळत पुन्हा पुनरागमन.

रिओ ऑलिंपिकमध्ये 10 ऑगस्ट 2016ला पाऊस होता, जवळजवळ 30 किलोमीटरच्या वाटेत चढ होते. तिने 44 मिनिटं 26 सेकंदांत रेषा ओलांडली आणि रस्त्यावरच आडवी झाली. रशियाच्या ओल्गा झाबेलिन्स्कायाला तिने अवघ्या साडेपाच सेकंदांनी मागे टाकलं होतं. एकाच प्रकारात सलग तीन ऑलिंपिक सुवर्णं तोवर कुठल्याही सायकलपटूला, पुरुषालाही, जमली नव्हती.

मुलगी विशीत आली की ‘आता खेळ पुरे’ म्हणणारे आईवडील माझ्याकडे येतात. त्यांच्यापुढे मी तीन आकडे लिहून ठेवते: 35, 38, 42. तिन्ही सुवर्णांच्या वेळची ही तिची वयं.