बास गिटारला पिकअप सिलेक्टर स्विच कसा बसवायचा? (आणि माझ्याकडून काय चुकलं)

आज मोबाईल थोडा बाजूला ठेवू. माझा मावसभाऊ चिखलीत एका ऑर्केस्ट्रामध्ये बास गिटार वाजवतो. गणपतीच्या आधी त्याचा फोन आला, "दादा, तू इंजिनिअर आहेस ना, माझ्या बासला एक स्विच लावून दे. अंधारात दोन-दोन नॉब फिरवायला जमत नाही." मी सॉफ्टवेअरवाला, सोल्डरिंग कॉलेजच्या लॅबनंतर केलेलं नव्हतं. तरी हो म्हणालो.

त्याचा बास 'जॅझ बास' पद्धतीचा आहे. फेंडरने ही रचना १९६० मध्ये आणली आणि आज स्वस्त कंपन्याही तीच बनवतात. दोन पिकअप, दोन व्हॉल्यूम, एक टोन. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर स्टीलची तार थरथरली की वेढ्यांमध्ये छोटासा करंट तयार होतो, तोच पुढे अ‍ॅम्पला जातो. आत बॅटरी नाही, सर्किट बोर्ड नाही, म्हणून याला 'पॅसिव्ह' म्हणतात. बिघडण्यासारखं फार काही नसतं, त्यामुळे शिकायला उत्तम.

मानेजवळचा पिकअप गोल, जाड आवाज देतो. ब्रिजजवळ तार कमी हलते, म्हणून तिथला आवाज बारीक पण टोकदार येतो. जॅको पास्टोरियसचा तो नाकातून गायल्यासारखा बास आठवतो का? तो बहुतेक ब्रिज पिकअपचा आवाज आहे. दोन्ही एकत्र केले की मधल्या काही फ्रिक्वेन्सी एकमेकांना खातात आणि आवाज थोडा पोकळ, मोकळा वाटतो.

भावाला हे तिन्ही आवाज एका झटक्यात हवे होते. पण स्विच लावण्याआधी एक गोष्ट त्याला सांगावी लागली, ती तुम्हीही ऐका. हे सिंगल कॉइल पिकअप आजूबाजूच्या विजेचा गुणगुणाट पकडतात. आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झची, त्यामुळे ५० आणि १०० हर्ट्झची 'हुंऽऽ' ऐकू येते. मंडपातल्या डिमर लाईट आणि जनरेटरजवळ तर विचारूच नका. जॅझ बासमध्ये साधारणपणे दुसऱ्या पिकअपची गुंडाळी आणि चुंबक पहिल्याच्या उलट असतात. दोन्ही सारख्या व्हॉल्यूमवर असले की गुणगुणाट एकमेकांना मारतो, तारांचा आवाज मात्र राहतो. म्हणजे स्विच एका बाजूला टाकला की हम परत येणार. हा स्विचचा दोष नाही. शांत गाण्यात मधली पोझिशन वापरायची, बस. (फोनही खिशातून काढून ठेवा. २जी सिग्नलची ती 'टिर्र-टिर्र' पिकअपला फार आवडते.)

स्विच कोणता घ्यायचा

इथेच मी फसलो. मिनी टॉगल बाहेरून सगळे सारखे दिसतात. दुकानात 'तीन पोझिशनचा द्या' म्हणालो आणि 'ऑन-ऑफ-ऑन' घेऊन आलो. त्यात मधे काहीच जोडलेलं नसतं. घरी दोन्ही टोकं तपासली, आवाज आला, खूश झालो. कार्यक्रमात भावाने घाईत स्विच टाकला, तो मधे अडकला आणि गाण्याच्या ऐन अंतऱ्यात बास गायब! तो रात्रभर काही बोलला नाही. सकाळी फक्त म्हणाला, "दादा, ते मधलं चेक नव्हतं केलं का?"

नव्हतं केलं.

हवा असतो 'ऑन-ऑन-ऑन', सहा पिनचा डीपीडीटी. मधल्या दोन पिन एकमेकींना जोडायच्या, हे आउटपुट. नेक पिकअप एका ओळीच्या वरच्या पिनला, ब्रिज दुसऱ्या ओळीच्या खालच्या पिनला, म्हणजे तिरपे. उरलेल्या दोन रिकाम्या. पण कोणता तिरपा हे कंपनीप्रमाणे बदलतं, म्हणून मल्टिमीटर बीप मोडवर ठेवून दांडी मधे असताना कोणत्या पिन जोडल्या जातात ते आधी बघा. त्याच दोन पिन आपल्या. चुकीचा तिरपा निवडला तर दोन्ही टोकांना आवाज येईल आणि मधे पुन्हा शांतता. माझ्यासारखं नको.

वायरिंग

कंट्रोल प्लेटचे स्क्रू काढा आणि काहीही उचकटण्याआधी मोबाईलवर चार-पाच फोटो घ्या. जॅझ बासमध्ये पिकअपची वायर व्हॉल्यूमच्या मधल्या पिनला असते आणि दोन्ही व्हॉल्यूमच्या बाहेरच्या पिन एका वायरने जोडून पुढे टोन आणि जॅकला जातात. ती जोडणारी वायर काढायची. आता प्रत्येक व्हॉल्यूमची बाहेरची पिन वेगळ्या वायरने स्विचला आणि स्विचचं आउटपुट टोन-जॅकला. ग्राउंडला हात लावायचा नाही.

प्लेटला भोक पाडताना ती बासवरून पूर्ण सोडवा, आधी बारीक बिट, मग स्विचच्या मानेच्या मापाचा. आत खोली पुरते का तेही आधी मोजा.

एक गंमत नंतर कळली. आधी भाऊ ब्रिजचा व्हॉल्यूम शून्य करून नेक एकटा वाजवायचा. तेव्हा बंद पिकअपचा २५० किलोओहमचा पॉट आउटपुटला लटकलेलाच असायचा, म्हणजे दोन पॉटचा मिळून १२५ किलोओहमचा भार. स्विचने तो पॉटच सर्किटबाहेर जातो, त्यामुळे एकटा पिकअप किंचित उजळ वाजतो. भावाला वाटलं मी काहीतरी जादा केलं. मी लगेच नाही म्हणालो नाही.

झाकण लावण्याआधी केबल अ‍ॅम्पला लावून स्क्रूड्रायव्हरने पिकअपच्या चुंबकांवर हलकेच टकटक करा. नेकवर नेक, ब्रिजवर ब्रिज, आणि मधे दोन्हीकडे 'टक' यायला हवं. तारांना हात लावल्यावर हम कमी झाला तर ब्रिजचं ग्राउंड ठीक आहे. पण तारांना हात लावून झिणझिण्या आल्या तर बास लगेच खाली ठेवा. तो प्रश्न स्विचचा नाही, मंडपातल्या अर्थिंगचा आहे, आणि तिथे सोल्डरवाला नाही, इलेक्ट्रिशियन बोलवायचा.

नवा स्विच मी दसऱ्याला बसवला. भावाने बास हातात घेतला आणि दांडी सगळ्यात आधी मधे टाकली.