प्रकाश आणि तांबें यांच्या संगमावरील पेटी



केबल कंपनीचें इंटरनेट घरापर्यंत दोन निरनिराळ्या मार्गांनीं येतें. मुख्य केंद्रापासून वस्तीपर्यंत तें केसासारख्या बारीक काचतंतूंतून प्रकाशरूपानें येतें; वस्तीपासून घराच्या भिंतीपर्यंत, दूरचित्रवाणीसाठीं पूर्वींच टाकलेल्या तांब्याच्या केबलींतून विद्युल्लहरींच्या रूपानें येतें. या दोन मार्गांच्या संगमावरील पेटीस ऑप्टिकल नोड म्हणतात. अमेरिकेंतील शहरांत ती खांबांमधील तारेवर लटकलेली आढळते. ॲल्युमिनियमची ही पेटी बाहेरून ओबडधोबड दिसते. आंत मात्र काढतां-घालतां येणारे अनेक घटक, म्हणजे मॉड्यूल, आपापलें खातें संभाळीत असतात.

पहिलें खातें प्रकाशग्राहकाचें. येणाऱ्या प्रकाशाची शक्ति सुमारें एक मिलिवॅट. तो फोटोडायोडवर पडतांच त्याच्या तीव्रतेंतील चढउतार विद्युत्प्रवाहाच्या चढउतारांत उमटतात. हा प्रवाह अति क्षीण असल्यानें पुढें वर्धक त्यास बळ देतो. परंतु केबलींत उच्च कंपनसंख्येच्या लहरी नीच लहरींपेक्षां अधिक झिजतात. म्हणून समतोलक नांवाचा लहानसा घटक उच्च लहरींस आधींच झुकतें माप देतो. मग शेवटच्या घरीं सर्व लहरी साधारण सारख्या पोंचतात.

या सर्वांस लागणारी वीजहि तीच केबल आणते: ६० ते ९० व्होल्टांचा उलटसुलट वाहणारा प्रवाह. वीजपुरवठ्याचें मॉड्यूल त्याचें रूपांतर स्थिर, कमी दाबाच्या प्रवाहांत करतें. मुख्य पुरवठ्यापाशीं बॅटऱ्या असल्यास वस्तींतील वीज गेल्यावरहि नोड कांहीं काळ चालूं राहतो.

खरी अडचण परतीच्या वाटेची आहे. एकाच केबलींतून जाणें व येणें दोन्ही घडतें. त्यांची फारकत डिप्लेक्स फिल्टर ही चाळणी करते. अमेरिकेंतील जुन्या मांडणींत घराकडून केंद्राकडे जाण्यास सेकंदास ५० लक्ष ते ४ कोटी २० लक्ष कंपनांचा, म्हणजे ५ ते ४२ मेगाहर्ट्झचा, अरुंद पट्टा ठेवलेला असे. कारण उघड आहे: तेथील दूरचित्रवाणीची दोन क्रमांकाची वाहिनी ५४ मेगाहर्ट्झपासून सुरू होई, तिच्याखालीं जें उरलें तें परतीस मिळालें. लोक केवळ पाहत होते तोंवर हें पुरलें. २०२० सालच्या साथींत शाळा व कचेऱ्या घरांत आल्या, आणि परतीची वाट किती चिंचोळी आहे हें सर्वांस कळलें.

शिवाय ही वाट सामाईक आहे. एका नोडवर बहुधा कांहीं शें घरें असतात. त्यांपैकीं एखाद्या घरीं केबलीचा जोड सैल असला, तर मोटारींची खरखर व रेडिओच्या लहरी त्यांतून आंत शिरतात आणि नोडमध्यें सर्वांच्या संदेशांत मिसळतात. परतीचा लेसर भलें-बुरें निवडीत नाहीं. जें हातीं येईल तें प्रकाशावर चढवून केंद्राकडे धाडतो. एका घरची चूक अशा रीतीनें शेजाऱ्यांस भोंवते.

यावर उपाय मॉड्यूलच्या अदलाबदलींत आहे. नोडच्या चार तोंडांस निरनिराळे परतीचे लेसर दिले, तर रस्ता न खणतां वस्तीचे चार भाग पडतात. चाळणी बदलून परतीचा पट्टा ८५ किंवा २०४ मेगाहर्ट्झपर्यंत वाढवितां येतो. मात्र तेव्हां मार्गावरील प्रत्येक वर्धकाचीहि चाळणी बदलावी लागते, आणि खर्चाचा बोजा तेथेंच पडतो.

२०१५ सालीं केबललॅब्स या संस्थेनें प्रसिद्ध केलेल्या ‘रिमोट फाय’ रचनेंत तर केंद्रांतील लहरी घडविणारें यंत्रच नोडमध्यें आणून बसविलें. आतां काचतंतूंतून केवळ अंक येतात. अंतरामुळें लहरींस येणारा विकार टळतो. परंतु पेटी अधिक तापते, आणि खांबावर चढणाऱ्या कारागिराच्या हातीं पूर्वींपेक्षां नाजूक वस्तु येते.

जुन्या तांब्यास आणखी किती वर्षें राबवावयाचें, हा प्रश्न अशा रीतीनें या पेटींत सुटत असतो. तथापि, घरांतील सैल जोड घट्ट करण्याचें मॉड्यूल अद्याप निघालेलें नाहीं. तें काम ज्याचें त्यानेंच केलें पाहिजे.