गळ्यातली गाठ आणि रिपोर्टवरचा ‘मेड्युलरी’ हा शब्द

अंबिया बहाराचा तोडा सुरू असताना गळ्यातल्या गाठीसाठी नागपूर गाठायला कोणाला वेळ असतो? गाठ दुखत नाही, घास अडकत नाही, म्हणून ‘संत्रा उतरला की पाहू’ असं ठरतं. नरखेड, मोवाड, जलालखेडा, सावरगाव, कुठलंही घर घ्या. गळ्यातल्या बहुतेक गाठी साध्याच निघतात, हे खरं आहे. पण काही मोजक्या गाठी अशा असतात की त्यांचा रिपोर्ट एका माणसाचा राहत नाही, अख्ख्या घराचा होतो. त्यांच्याविषयी हे सांगणं आहे.

आधी ही गाठ येते कुठून ते पाहू. गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखरासारखी थायरॉइड ग्रंथी असते. तिच्या बहुतेक पेशी आयोडीन ओढून थायरॉइडचं संप्रेरक, म्हणजे रक्तातून फिरणारा रासायनिक निरोप, तयार करतात. नेहमी आढळणारे थायरॉइडचे कर्करोग याच पेशींचे. त्यांच्यामध्ये विखुरलेल्या थोड्या ‘सी पेशी’ मात्र वेगळ्या. त्या कॅल्सिटोनिन नावाचं दुसरंच संप्रेरक बनवतात आणि आयोडीनला हातही लावत नाहीत. त्यांच्यापासून होणारा कर्करोग म्हणजे मेड्युलरी. 1959 साली हॅझार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची वेगळी ओळख पटवली. थायरॉइडच्या शंभर कर्करोगांत हे दोन-चारच.

पहिली चूक इथेच होते. रक्तातली थायरॉइडची तपासणी, म्हणजे टी-थ्री, टी-फोर, टीएसएच, नॉर्मल येते आणि घरचे निश्चिंत होतात. सी पेशींचा त्या आकड्यांशी संबंधच नाही. ते नॉर्मल असूनही गाठ कर्करोगाची असू शकते. म्हणून गाठ असेल तर गळ्याची सोनोग्राफी करून घ्यावी.

सोनोग्राफीत शंका आली तर बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढतात. मेड्युलरीच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली अनेक रूपं घेतात, त्यामुळे अनुभवी नजरही कधी चकते. शिवाय रोग मानेच्या बाजूच्या गाठींत लवकर उतरतो. आपल्याकडे मानेची गाठ म्हटली की गंडमाळ, म्हणजे गाठींचा टीबी, आधी मनात येतो. सुईच्या तपासणीत टीबी दिसलेला नसताना केवळ अंदाजाने महिनोन्महिने गोळ्या चालू राहिल्या, तर मोलाचा वेळ जातो. आवाज बसणं आणि कारण न सापडणारे पातळ जुलाब, हीसुद्धा या रोगाची लक्षणं असू शकतात. जुलाब गळ्याच्या डॉक्टरांना सांगायचे असतात हे सुचत नाही, पण सांगावेत.

शंका पक्की करायला रक्तातलं कॅल्सिटोनिन मोजतात, सोबत सीईए नावाची दुसरी खूणही. कॅल्सिटोनिन उबेत लवकर नासतं. गावात रक्त घेऊन दुपारच्या उन्हात नागपूरला पाठवलं, तर आकडा खोटा कमी येऊ शकतो. नमुना थंड ठेवून लगेच वेगळा करणार का, हे लॅबमध्ये विचारावं. शक्य असेल तर रक्त नागपुरातच द्यावं. ऍसिडिटीची गोळी रोज घेत असाल तर तेही सांगावं, त्याने उलट आकडा थोडा वाढू शकतो.

आता जनुकाकडे, म्हणजे आई-वडिलांकडून आलेल्या सूचनेकडे. दहाव्या गुणसूत्रावर ‘रेट’ नावाचं जनुक आहे. ते पेशीच्या भिंतीवर एक स्टार्टर बसवतं. विहिरीवरच्या मोटरीसारखं समजा: बाहेरून इशारा आला की स्टार्टर चालू, नाही तर बंद. जनुकात एका अक्षराची चूक झाली की स्टार्टर अडकतो, मोटर थांबतच नाही आणि पेशी वाढत राहते. 634 क्रमांकाच्या जागेवरची चूक घराण्यात चालत येणाऱ्या रोगात बरेचदा सापडते. 918 वरची चूक अधिक आक्रमक असते.

सुमारे चारांपैकी एका रुग्णात ही चूक जन्मजात असते. मग प्रत्येक मुलाला, मुलगा असो की मुलगी, ती मिळण्याची शक्यता निम्मी. बाकीच्यांपैकी अनेकांत ती फक्त गाठीत असते, रक्तात सापडत नाही. घरात कोणालाच काही नाही असं वाटणाऱ्यांतही काहींची चूक जन्मजात निघते. म्हणून निदान झालेल्या प्रत्येकाने रक्ताची रेट तपासणी मागावी.

शस्त्रक्रियेआधी एक तपासणी चुकवू नये. जन्मजात चुकीत मूत्रपिंडावरच्या ऍड्रिनल ग्रंथीतही गाठ होऊ शकते आणि भुलीखाली रक्तदाब जिवावर बेतेल इतका उसळू शकतो. त्यासाठी रक्तातलं किंवा लघवीतलं मेटानेफ्रिन मोजतात. ती गाठ असेल तर तिचा बंदोबस्त आधी, गळ्याचं ऑपरेशन नंतर.

ऑपरेशनमध्ये पूर्ण थायरॉइड आणि गळ्याच्या मधल्या भागातल्या गाठी काढतात. नंतर थायरॉइडची गोळी जन्मभर घ्यावी लागते. कॅल्शियम कमी झालं तर हातपायांना मुंग्या येतात, तेव्हा लगेच कळवावं. शेजारच्या कोणाला दिलेलं किरणोत्सारी आयोडीन इथे उपयोगाचं नाही, कारण सी पेशी आयोडीन ओढतच नाहीत. पुढची देखरेख कॅल्सिटोनिनवर असते. आकडा किती आहे यापेक्षा किती दिवसांत दुप्पट होतो, हे महत्त्वाचं. रोग पसरलाच, तर अडकलेल्या स्टार्टरलाच रोखणारी औषधं आता आहेत. सेल्परकॅटिनिबला अमेरिकेत 2020 मध्ये मान्यता मिळाली.

नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि मिहानचं एम्स आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारावं. सुईचे आणि ऑपरेशनचे स्लाइड व मेणातले ठोकळे कुठे आहेत ते लिहून ठेवावं, जनुकाची तपासणी त्यांच्यावरही होते.

सगळ्यात अवघड काम मात्र दवाखान्याबाहेरचं. मुलींच्या लग्नाच्या काळजीने रिपोर्ट कपाटात दडवला जातो. ती काळजी मला कळते. पण 634 ची चूक घेऊन जन्मलेल्या मुलाची थायरॉइड पाच वर्षांच्या आत काढावी, असं तज्ज्ञ सांगतात, म्हणजे रोग मूळ धरण्याआधीच. जन्मजात चूक निघाली असेल, तर आजच भावाबहिणींना फोन करून रिपोर्टची झेरॉक्स त्यांच्या हाती द्यावी.