लिहा फुकट, तपासा फुकट, वाचायला मात्र पैसे मोजा

संग्रामपूर तालुक्यातल्या वरवट बकालचा संशोधक आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचा संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांची तक्रार एकच! शोधनिबंध लिहिणारा, तो तपासणारा, दोघेही बिनपगारी; वाचताना मात्र प्रकाशक पैसे मागतो. नूथ यांनी २००३ मध्ये 'जर्नल ऑफ अल्गोरिदम्स'च्या संपादक मंडळाला वाढत्या किमतीचा सविस्तर हिशेब पाठवला. मंडळाने सामुदायिक राजीनामा दिला आणि संगणकशास्त्रज्ञांची जुनी संघटना एसीएम हिच्याकडून नवे नियतकालिक काढले. त्याआधी २००१ मध्ये 'मशीन लर्निंग' या नियतकालिकाच्या ४० संपादकांनीही हीच वाट धरली होती.

आपल्याकडचे दुखणे आणखी वेगळे. प्राध्यापकांच्या बढतीसाठी निबंध मोजले जाऊ लागले आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्यांचे फावले. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) मे २०१८ मध्ये आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. मुळात ती यादीत शिरलीच कशी, हा प्रश्न उरतोच. मग सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मदतीने विश्वासार्ह नियतकालिकांची 'केअर' यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. आता नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आणि संशोधकांवर आहे.

वाचण्यासाठी केंद्राची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना आहे: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० नियतकालिके. पहिला टप्पा सरकारी संस्थांपुरता आहे. तुमचे महाविद्यालय त्यात बसत नसेल, तर १९९१ पासून मोफत चालणारे शोधनिबंधांचे ऑनलाइन भांडार 'आर्काइव्ह' (arXiv) आधी उघडा.