पाच नद्यांचे तिरुवैयारु : पाणी, जमीन आणि लोकवस्ती

तमिळनाडूतील तंजावर शहरातून उत्तरेकडे निघालेला रस्ता अवघ्या तेरा किलोमीटरच्या अंतरात पाच नद्या ओलांडतो. वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि अखेर कावेरी या क्रमाने पूल लागत जातात आणि कावेरीचा पूल संपतो तेथे, नदीच्या उत्तर तीरावर, तिरुवैयारु सुरू होते. 'तिरु' म्हणजे श्री, 'ऐ' म्हणजे पाच आणि 'आरु' म्हणजे नदी, असा या नावाचा अर्थ सांगितला जातो. संस्कृत परंपरेत हेच स्थान पंचनद क्षेत्र म्हणून ओळखले जाते. अर्थाच्या दृष्टीने पाहता पंजाब आणि तिरुवैयारु ही जणू एकाच नावाची दोन रूपे होत. मात्र एक संपूर्ण प्रांत आहे, तर दुसरे जेमतेम सोळा हजार वस्तीचे गाव आहे.

कर्नाटक संगीताच्या रसिकांना हे गाव संत त्यागराजांची कर्मभूमी म्हणून परिचित आहे. दरवर्षी पौष वद्य पंचमीला होणाऱ्या आराधना महोत्सवाचे वृत्त देशभर पोहोचते आणि त्यानंतर वर्षभर गावाचे नाव क्वचितच कानी येते. वस्तुतः कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात पाणी, शेतजमीन आणि लोकसंख्या यांचे नाते कसे बांधले गेले आहे, हे समजून घेण्यास तिरुवैयारुइतके सोयीचे उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे.

प्रथम नद्यांविषयी. रस्त्यावर लागणाऱ्या पाच नद्या पाच निरनिराळ्या उगमांच्या नाहीत. त्या सर्व कावेरीच्याच शाखा आहेत. तिरुचिरापल्लीच्या पूर्वेस कल्लणै हा प्राचीन बंधारा असून तो चोळ राजा करिकाल याने बांधल्याची परंपरा आहे. तेथे कावेरीपासून वेण्णार वेगळी होते. पुढे वेण्णारपासून वेट्टार आणि वडवार निघतात, तर कुडमुरुट्टी ही थेट कावेरीपासून फुटते. तिरुवैयारुच्या उत्तरेस काही अंतरावर कोल्लिडम हे विस्तीर्ण पात्र आहे. तीही कावेरीचीच शाखा होय. याचाच अर्थ असा की हे गाव कावेरी आणि कोल्लिडम यांच्यामधील एका चिंचोळ्या भूपट्टीवर वसलेले आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला नदी म्हटले की डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांनी वाढत जाणारी आणि दरीच्या तळातून वाहणारी नदी आठवते. त्रिभुज प्रदेशातील चित्र नेमके उलट असते. तेथे नदीला उपनद्या मिळत नाहीत, तर तिच्यापासून शाखा फुटत जातात. पुराबरोबर आलेला गाळ काठावरच साचतो, त्यामुळे काठ सभोवतालच्या शेतांपेक्षा उंच होतात. गावे या उंच काठांवर वसतात आणि पाणी काठावरून उताराने शेतांकडे जाते. पंप नसतानाही शेकडो वर्षे येथे भाताची शेती फुलली, त्याचे रहस्य या उतारात आहे.

या व्यवस्थेत एक दुबळी जागाही आहे. कोल्लिडमचे पात्र कावेरीपेक्षा सखल आणि अधिक सरळ असल्याने पाण्याचा ओढा स्वभावतःच तिकडे असतो. पाणी कोल्लिडमकडे गेले की ते समुद्राला मिळते आणि भातशेती कोरडी राहते. कावेरीचे पाणी कोल्लिडममध्ये निसटू न देणे हेच कल्लणैचे मूळ प्रयोजन होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा तोल बिघडला. कावेरीचे मुख गाळाने भरत चालले आणि कोल्लिडम अधिकाधिक पाणी ओढून घेऊ लागली. तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचे अभियंते आर्थर कॉटन यांनी १८३६ ते १८३८ या काळात तिरुचिरापल्लीजवळ कोल्लिडमच्या मुखावर वरचा बंधारा बांधला. त्या वेळी त्यागराज तिरुवैयारुतच वास्तव्यास होते. २२ ऑगस्ट २०१८ रोजी पुराच्या पाण्यात याच जुन्या बंधाऱ्याचे नऊ दरवाजे वाहून गेले आणि कॉटन यांच्या काळातील प्रश्न पुन्हा एकदा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला.

तिरुवैयारुचे कृषिवर्ष पावसावर नव्हे, तर धरणाच्या दरवाजांवर मोजले जाते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. येथील बराचसा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे पडतो. जून ते सप्टेंबर या काळात कावेरीला येणारे पाणी मात्र कर्नाटकातील कोडगू आणि परिसरात पडलेल्या नैर्ऋत्य मोसमी पावसाचे असते. हे पाणी १९३४ मध्ये पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणात अडवले जाते. प्रघातानुसार धरणाचे दरवाजे १२ जून रोजी उघडतात आणि २८ जानेवारी रोजी बंद होतात. १२ जूनला सोडलेले पाणी साधारण तीन-चार दिवसांनी कल्लणैला पोहोचते व तेथून शाखांमध्ये वाटले जाते. पाणी वेळेवर आले तर अल्प मुदतीचे 'कुरुवै' पीक साधते. त्यानंतर दीर्घ मुदतीचे 'सांबा' किंवा कुरुवैनंतर घेतले जाणारे 'ताळडी' ही पिके येतात. पाणी उशिरा आले तर कुरुवै हातचे जाते आणि शेतकऱ्याला एकाच पिकावर समाधान मानावे लागते. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या प्रारंभी, स्त्रिया कावेरीच्या घाटावर जाऊन वाढत्या पाण्याची पूजा करतात. हा सण नदी भरून वाहते आहे असे गृहीत धरून आखलेला आहे. ज्या वर्षी मेट्टूर बंद असते, त्या वर्षी पूजा वाळवंटात करावी लागते.

१२ जूनचा मुहूर्त दरवर्षी साधतोच असे नाही. २०२२ मध्ये धरण भरल्यामुळे २४ मे रोजीच पाणी सोडण्यात आले. २०२३ मध्ये पाणी वेळेवर सुटले खरे, परंतु साठा घटल्याने ऑक्टोबरमध्येच दरवाजे बंद करावे लागले. २०२४ मध्ये पाणी सोडण्यास जुलैअखेर उजाडला. या अनिश्चिततेमागे कर्नाटक आणि तमिळनाडू यांच्यातील सुप्रसिद्ध जलविवाद आहे. कावेरी लवादाने २००७ मध्ये दिलेल्या अंतिम निवाड्यात कर्नाटकाने तमिळनाडूच्या सीमेवर दरवर्षी १९२ टीएमसी, म्हणजे १९२ अब्ज घनफूट, पाणी पोहोचवावे असे म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ रोजी हे प्रमाण १७७.२५ टीएमसी इतके निश्चित केले. दिल्लीत लिहिल्या गेलेल्या या आकड्यांचा अर्थ तिरुवैयारुतील शेतकरी मात्र आपल्या बांधावर पाणी किती तारखेला आले यावरूनच लावतो.

आता लोकवस्तीकडे वळू. २००१ च्या जनगणनेत तिरुवैयारुची लोकसंख्या साडेचौदा हजारांच्या घरात होती. २०११ मध्ये ती सोळा हजारांच्या किंचित वर गेली. दहा वर्षांतील ही वाढ सुमारे अकरा टक्के होती. त्याच काळात तमिळनाडूची लोकसंख्या साडेपंधरा टक्क्यांहून थोडी अधिक, तर तंजावर जिल्ह्याची सुमारे साडेआठ टक्के वाढली होती. म्हणजे गाव जिल्ह्यापेक्षा वेगाने, पण राज्यापेक्षा संथपणे वाढले. दोन्ही गणनांच्या वेळी तिरुवैयारु ही नगरपंचायत होती. तमिळमध्ये तिला 'पेरूराट्ची' असे म्हणतात. ग्रामपंचायत आणि नगरपालिका यांच्यामधील हा स्तर होय. तालुक्याचे मुख्य ठिकाण असल्याने कार्यालये, शाळा, बाजार आणि बसस्थानक हा नागरी संसार गावात आहे; मात्र शेवटच्या घराची भिंत संपताच भातखाचरे, केळीच्या बागा, ऊस आणि विड्याच्या पानांचे मळे सुरू होतात.

दोन हजार वर्षांच्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या या प्रदेशात, जिल्ह्याच्या शहरापासून इतक्या जवळ असूनही गाव एवढे लहान का राहिले? एक कारण रेल्वेचे आहे. एकोणिसाव्या शतकात टाकलेला लोहमार्ग तंजावरहून कुंभकोणमकडे कावेरीच्या दक्षिणेकडून गेला. तिरुवैयारुला आजही रेल्वे स्थानक नाही. दुसरे कारण नद्यांचेच आहे. पाच पूल नव्हते त्या काळी पावसाळ्यात तंजावर गाठणे सोपे नव्हते. तिसरे आणि कदाचित सर्वांत महत्त्वाचे कारण जमिनीचे. वर्षाला दोन पिके देणारी ओलिताची जमीन घरांसाठी सहजासहजी मोकळी होत नाही. परिणामी वाढती पिढी बाहेर पडते. तंजावर जिल्ह्यात २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे १,०३५ स्त्रिया होत्या आणि तिरुवैयारुतही स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक होती. रोजगारासाठी पुरुषांचे चेन्नई, तिरुप्पूर वा परदेशात जाणे हे त्याचे एक कारण मानले जाते.

तथापि नगरपंचायतीची हद्द म्हणजे तिरुवैयारु असे मानणे स्थानिकांना मान्य होणार नाही. येथील ऐयारप्पर, अर्थात पंचनदीश्वर, मंदिराचा चैत्रातील सप्तस्थान उत्सव गावाचा खरा विस्तार दाखवून देतो. देवाची पालखी तिरुवैयारुतून निघून तिरुप्पळनम, तिरुच्चोट्रुत्तुरै, तिरुवेदिकुडी, तिरुक्कंडियूर, तिरुप्पूंतुरुत्ती आणि तिल्लैस्थानम या सहा गावांना भेट देऊन परतते. यातील काही गावे कावेरीच्या दक्षिणेस, काही उत्तरेस आहेत. पंढरीच्या वाटेवरील गावे जशी एकमेकांशी पालखीने जोडली गेली आहेत, तसाच हा प्रकार. जनगणनेत ही सात ठिकाणे सात स्वतंत्र नोंदी असतात.

मराठी वाचकाला या भूगोलाशी आणखी एक नाते आहे. जुलै १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या मोहिमेत शिवाजी महाराजांचा तळ कोल्लिडमच्या उत्तर तीरावरील तिरुमळवाडी, म्हणजे आजचे तिरुमळप्पाडी, येथे पडला होता. सावत्र बंधू व्यंकोजी राजे तंजावरहून तेथे भेटीस आले आणि वडिलार्जित दौलतीच्या वाट्याविषयी बोलणी फिसकटताच रातोरात नदी ओलांडून परत गेले. तिरुमळप्पाडी हे तिरुवैयारुच्या उत्तरेला, कोल्लिडमच्या पलीकडे आहे. त्या नदीने दोन बंधूंच्या राज्यांत सीमा आखली नाही, पण त्या रात्री तिने मोठे काम केले एवढे खरे.

व्यंकोजींच्या वंशजांनी १८५५ पर्यंत तंजावरची गादी सांभाळली. १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजींकडे प्रत्यक्ष राज्यकारभार उरला नाही, तरी यात्रेकरूंसाठी अन्नछत्रे आणि पाठशाळा चालवणारी छत्रांची संस्था त्यांच्या घराण्याची ओळख बनली. या छत्रांच्या उत्पन्नावर तिरुवैयारुत संस्कृत विद्यालय उभे राहिले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे तमिळचे अध्यापनही सुरू झाले. आज ते 'अरसर कल्लूरी', म्हणजे राजाचे महाविद्यालय, या नावाने ओळखले जाते. कावेरीकाठचा कल्याण महाल हीदेखील मराठा काळाची खूण आहे.

त्यागराजांचा जन्म १७६७ मध्ये तिरुवारूर येथे झाला असला, तरी त्यांचे बहुतेक आयुष्य तिरुवैयारुत गेले. तमिळ गावात, मराठा राजांच्या राज्यात, त्यांनी आपल्या रचना प्रामुख्याने तेलुगूत केल्या. भाषावार प्रांतरचनेच्या सवयीने विचार करणाऱ्या आपल्या पिढीला हे नवल वाटते; त्या गावाला वाटले नसावे. ६ जानेवारी १८४७ रोजी त्यांनी देह ठेवला. कावेरीकाठच्या त्यांच्या समाधीचे मंदिर बंगळूर नागरत्नम्मा यांनी स्वतःची मिळकत खर्चून बांधले. देवदासी परंपरेतून आलेल्या या गायिकेला आराधनेत स्त्रियांना गाता यावे म्हणून दीर्घ काळ झगडावे लागले. आज शेकडो गायक-वादक स्त्री-पुरुष एकत्र बसून नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या पाच रागांतील पंचरत्न कृती म्हणतात, त्यामागे हा संघर्ष आहे.

आराधनेच्या दिवसांत गावाची लोकसंख्या काही काळापुरती पालटते. पाणीपुरवठा, स्वच्छता आणि वाहनतळ यांचा भार सोळा हजारांसाठी आखलेल्या यंत्रणेवर पडतो. उत्सव बहुधा जानेवारीत येतो आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मेट्टूरचे दरवाजे बंद होतात. त्यानंतर जूनपर्यंत कावेरीचे पात्र बहुतांशी वाळूचेच असते. म्हणूनच येथे वाळू ही केवळ बांधकामाची वस्तू नाही. भर उन्हाळ्यात तिच्याखाली पाणी टिकून राहते आणि वाळू उपसली गेली तर तेही खोल जाते.

जमिनीवरील ताण आता नव्या स्वरूपात पुढे येत आहे. अरुंद बाजारपेठेतून जाणारी वाहतूक बाहेरून वळवण्यासाठी वळणरस्त्याची योजना आखण्यात आली, तेव्हा २०२२ मध्ये शेतकऱ्यांनी सुपीक भातशेती त्यात जात असल्याबद्दल विरोध केला. त्याआधी २०२० मध्ये तमिळनाडू विधानसभेने कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाला संरक्षित कृषी क्षेत्राचा दर्जा देणारा कायदा संमत केला होता. तो मुख्यतः तेल-वायू उत्खनन आणि तत्सम उद्योगांना आळा घालणारा आहे. रस्त्यांचा प्रश्न त्याने सुटत नाही. आजारी माणसाला तंजावरच्या रुग्णालयात नेताना बाजारात अडकलेली गाडी आणि त्याच गाडीसाठी भातखाचर गमावणारा शेतकरी, हे दोघे बहुधा एकाच गावचे असतात.

२०२१ मध्ये अपेक्षित असलेली जनगणना झाली नाही. त्यामुळे गावाच्या पाण्याचे आणि सांडपाण्याचे नियोजन करताना आधार घ्यावा लागतो तो २०११ च्याच आकड्यांचा. नव्या जनगणनेसाठी देशाच्या बहुतांश भागात १ मार्च २०२७ हा संदर्भदिन जाहीर झाला आहे. सांबाची कापणी तोवर बहुतेक आटोपलेली असेल आणि नदीचे पात्र कोरडे असेल.