दोस्तीतला न बोललेला विषय

बेबी पावडरचा तो पांढरा डबा आठवतोय ना मैत्रिणींनो? बाळंतविड्यात हमखास असायचा. त्या डब्यावर ज्यांचं नाव, त्या जॉन्सन घराण्यातल्या एका पणतूने, जेमीने, २००३ साली एक माहितीपट काढला. ‘बॉर्न रिच’. आपल्याकडे तो फारसा कुणी पाहिलेला नाही, पण वयात आलेले मुलगे घरात असतील तर जरूर बघावा.

एकविसावं लागलं की जेमीच्या हातात वारशाचा पैसा येणार होता. पुढे करू काय, असं त्याने वडिलांना विचारलं, तर ते अवघडले. जुनी कागदपत्रं, नकाशे जमव म्हणाले! घ्या. मग पठ्ठ्याने कॅमेरा उचलला आणि आपल्यासारख्याच गर्भश्रीमंत मित्रमैत्रिणींना गाठलं. पुष्कळांनी नकारच दिला.

बोलले त्यांत तरुण इव्हान्का ट्रम्प आहे. वडील कर्जात असताना रस्त्यावरच्या बेघर माणसाकडे बोट दाखवून म्हणाले होते, याच्याकडे माझ्यापेक्षा आठ अब्ज डॉलर जास्त आहेत, असं ती सांगते. पण मनात राहतो तो वँडरबिल्ट-व्हिटनी घराण्यांचा वारस जोसाया हॉर्नब्लोअर. लहानपणी त्याला न्यूयॉर्कचं ग्रँड सेंट्रल स्टेशन दाखवून, हे तुझंच, असं घरातल्या वडीलधाऱ्याने सांगितलेलं. आणि हा मुलगा सुखाचे दिवस कोणते म्हणून सांगतो, तर टेक्सासच्या तेलविहिरींवर राबला ते!

एकाने मात्र जेमीलाच कोर्टात खेचलं. मला फसवून बोलतं केलं, अशी त्याची तक्रार. दावा फेटाळला गेला. एकत्र पार्ट्या झोडणारी ही मुलं, पण कुणाकडे किती आणि ते कुठून आलं, हे तोंडातून काढलं की दोस्तीच धोक्यात.

हसू नका हं. आपल्या कट्ट्यावर क्रिकेट होतं, राजकारण होतं, शेजारच्या सुनेचंही होतं. वडापावचे पैसे मात्र नेहमी तोच देतो, ज्याच्या वडिलांची बाजारपेठेत दोन दुकानं आहेत. दुसरा काही न बोलता हळूहळू यायचा बंद होतो. ‘अभ्यास आहे’ म्हणतो. आईलाही तेच सांगतो. मोठेपणी तर आणखीच कठीण. नवरा मित्राला जामीन राहिलाय हे बायकोला कळतं ते बँकेची नोटीस दारात आल्यावर, आणि तोवर ते दोघे रोज संध्याकाळी एकाच टपरीवर चहा पीत असतात.