शब्द तोच, भाव वेगळा: यंत्राच्या आवाजात राग आणि रडू कुठून येतं?

फोनवर आई नुसतं ‘बरं’ म्हणाली, तरी ती दमली आहे की चिडली आहे, हे आपल्याला लगेच कळतं. शब्द तोच असतो, बदलतो तो आवाजाचा पोत.

हा पोत बराचसा घशातल्या स्वरतंतूंवर ठरतो. ते ताणून घट्ट मिटले, तर आवाज धारदार होतो. सैल राहून मधून हवा निसटली, तर मऊ आणि श्वासमिश्रित होतो. कंपनं मंद, अनियमित झाली, तर झोपेतून उठल्यासारखा खरखरतो.

आयर्लंडमधल्या ट्रिनिटी कॉलेज डब्लिनच्या संशोधकांचा एक प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी एकच स्वीडिश वाक्य संगणकावर सात पोतांमध्ये तयार केलं आणि स्वीडिश न येणाऱ्यांना ऐकवलं. अर्थ कळत नसतानाही ताणलेल्या आवाजात श्रोत्यांना राग आणि तणाव जाणवला. सैल, खरखरीत आवाजात मात्र कुणाला निवांतपणा, तर कुणाला कंटाळा किंवा उदासी जाणवली. म्हणजे एका पोताला एकच भाव, असं सरळ गणित नाही.

आजची एआय मॉडेल्स माणसांच्या रेकॉर्डिंगमधून हे बारकावेही शिकतात. म्हणूनच ‘आई, मी अडकलोय, पैसे पाठव’ असा रडवेला फोनही बनावट असू शकतो. अशा वेळी फोन ठेवा आणि त्या व्यक्तीच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः फोन करा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर कळवा.